संगणकीय भाषा

संगणकीय भाषा म्हणजे संगणकाला आज्ञा देण्यासाठी किंवा माहितीची रचना सांगण्यासाठी हेतुपूर्वक तयार केलेली, काटेकोर नियमांनी बांधलेली लेखनपद्धती होय. अशा भाषेत लिहिलेल्या आज्ञांच्या क्रमबद्ध संचाला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. संगणकाचा प्रोसेसर प्रत्यक्षात फक्त यंत्रभाषा, म्हणजे ० आणि १ यांच्या रूपातील सूचना अमलात आणू शकतो. त्यामुळे माणसाला सोयीच्या भाषेत लिहिलेली प्रत्येक आज्ञावली यंत्रभाषेपर्यंत पोहोचवावी लागते. हे काम असेंबलर, कंपायलर आणि इंटरप्रिटर या भाषांतर करणाऱ्या आज्ञावली करतात. या संपूर्ण प्रक्रियेत मजकुराचे रूप तपासले जाते. लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू तपासला जात नाही. संगणकीय भाषांचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी याच वैशिष्ट्यातून निर्माण होतात.

नैसर्गिक भाषा आणि संगणकीय भाषा

मराठी, गुजराती, भिल्ली यांसारख्या नैसर्गिक भाषा समाजाच्या व्यवहारातून घडतात. त्यांत एका शब्दाला अनेक अर्थ असू शकतात आणि संदर्भावरून ऐकणारा योग्य अर्थ निवडतो. ‘कर’ या शब्दाचा अर्थ हात, शासनाला द्यायची रक्कम की ‘काम कर’ अशी आज्ञा, हे वाक्यावरून ठरते. लेखनात एखादी वेलांटी चुकली तरी वाचकाचे सहसा अडत नाही.

संगणकीय भाषेत अशी मोकळीक नसते. कोणती चिन्हे वापरता येतील, ती कोणत्या क्रमाने लिहावीत आणि प्रत्येक वैध रचनेचा परिणाम काय होईल, हे आधीच ठरवलेले असते. चिन्हांच्या मांडणीच्या नियमांना वाक्यरचना म्हणतात, तर त्या मांडणीतून घडणाऱ्या क्रियेच्या नियमांना अर्थरचना म्हणतात. शब्दसंग्रह मात्र लहान असतो. पायथॉन या भाषेत राखीव शब्दांची संख्या सुमारे ३५ आहे.

प्रकार

यंत्रभाषा ही सर्वांत खालच्या स्तरावरील भाषा होय. प्रत्येक प्रोसेसर-कुळाची यंत्रभाषा वेगळी असते. एका सूचनेत साधारणपणे करावयाची क्रिया आणि ती कोणत्या माहितीवर करावयाची याचा निर्देश असतो.

असेंब्ली भाषेत यंत्रभाषेतील अंकी सूचनांऐवजी बेरीज, वाचन, साठवण इत्यादींसाठी लघुरूपे वापरतात. असेंबलर ही आज्ञावली त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करते.

उच्चस्तरीय भाषांमध्ये गणिती सूत्रे आणि इंग्रजीतून घेतलेले मोजके शब्द यांच्या साहाय्याने आज्ञा लिहिता येतात. एका ओळीतून अनेक यंत्रसूचना निर्माण होऊ शकतात. फोर्ट्रान, कोबोल, सी, जावा आणि पायथॉन या अशा भाषा आहेत.

याखेरीज विशिष्ट कामांसाठीच्या भाषाही असतात. एसक्यूएल ही माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा आहे. एचटीएमएल ही संकेतस्थळाच्या पानाची रचना सांगणारी भाषा आहे. ती संगणकीय भाषा असली, तरी तिच्यात गणनेचे टप्पे लिहिले जात नसल्यामुळे तिला सहसा आज्ञावलीची भाषा मानत नाहीत.

इतिहास

सुरुवातीच्या संगणकांना यंत्रभाषेतच आज्ञा द्याव्या लागत. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी ए-० ही प्रणाली तयार केली. ती कंपायलरचे आरंभीचे रूप समजली जाते. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये वापरात आली. वैज्ञानिकांना सूत्रे जवळजवळ गणिती रूपातच लिहिता येऊ लागली. त्यानंतर व्यापारी कामांसाठी कोबोल आणि गणनपद्धतींच्या नेमक्या लेखनासाठी अल्गोल ६० या भाषा पुढे आल्या. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत सी ही भाषा घडवली. ग्विडो व्हॅन रॉसम यांची पायथॉन १९९१ मध्ये, तर सन मायक्रोसिस्टिम्सची जावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

अल्गोल ६० चे व्याकरण लिहिण्यासाठी वापरलेल्या नियमपद्धतीला बॅकस-नाउर रूप म्हणतात. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील नियमांच्या मांडणीशी तिचे साम्य असल्याने १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी तिला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे, असे सुचवले होते. ते नाव रूढ झाले नाही.

महाराष्ट्रात या प्रवासाचे दोन टप्पे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दिसतात. तेथे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. ही क्षमता आजच्या परिमाणात केवळ १० किलोबाइट भरते. या संगणकासाठी यंत्राच्या सूचनांच्या पातळीवर विचार करून आज्ञावली लिहावी लागे. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्याच्यासोबत फोर्ट्रानचा कंपायलर उपलब्ध झाल्याने संशोधकांना आपली सूत्रे उच्चस्तरीय भाषेत लिहिणे शक्य झाले.

भारतीय लिप्यांच्या संदर्भात पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजेच सी-डॅकचे काम महत्त्वाचे आहे. हे केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले. आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झालेले जिस्ट हे भारतीय लिप्यांसाठीचे तंत्रज्ञान पुढे या केंद्रात विकसित झाले. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतावली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली.

भाषेवरील प्रक्रिया

उच्चस्तरीय भाषेतील मजकूर यंत्रसूचनांपर्यंत जाताना अनेक टप्पे पार करतो. निरनिराळ्या कंपायलरांत तपशील बदलतात. परंतु पुढील क्रम सर्वसाधारण आहे.

१. अक्षरांचे अंकांत रूपांतर

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, अंक असतात. कोणत्या चिन्हाला कोणता अंक द्यायचा, हे संकेतावली ठरवते. सध्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे अंक राखून ठेवले आहेत. ‘न’ या अक्षराचा अंक २३४४ आहे आणि द्विमान पद्धतीत तो १००१००१०१००० असा लिहिला जातो.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर या गावाच्या नावावरून हा टप्पा स्पष्ट होतो. उधना-जळगाव लोहमार्गावरील नवापूर रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. स्थानकाचा काही भाग एका राज्यात, तर काही भाग दुसऱ्या राज्यात आहे. येथे हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती या चार भाषांत उद्घोषणा होतात.

‘नवापूर’ हा शब्द वाचताना न, वा, पू, र अशी चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये काना आणि उकार यांना स्वतंत्र अंक असल्याने संगणकाच्या दृष्टीने त्यात सहा चिन्हे आहेत: २३४४, २३५७, २३६६, २३४६, २३७० आणि २३५२. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणून हे नाव १८ बाइट व्यापते. तेच नाव इंग्रजीत सात अक्षरांत लिहिले, तर सात बाइट पुरतात.

युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. त्यामुळे गुजराती लिपीचा विभाग २६८८ पासून सुरू होत असला, तरी अक्षरांचा क्रम देवनागरीसारखाच आहे. देवनागरी अक्षराच्या अंकात ३८४ मिळवले की सामान्यतः त्याच्या जोडीचे गुजराती अक्षर मिळते. ‘न’चा २३४४ हा अंक अशा रीतीने २७२८ होतो. मात्र ‘नवापूर’मधील सर्व अंकांत ३८४ मिळवले, तर दीर्घ ऊकार असलेले गुजराती रूप तयार होते, प्रत्यक्षात गुजरातीत हे नाव ऱ्हस्व उकाराने लिहिले जाते. लिपीचे यांत्रिक रूपांतर बरोबर असूनही शुद्धलेखन चुकते, कारण संकेतावली लिपीची असते, भाषेची नसते.

हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच असली, तरी हीच अडचण येते. मराठी लेखननियमांनुसार ग्रामनामाला जोडलेला ‘पूर’ दीर्घ लिहितात. हिंदीत तो ऱ्हस्व असतो. स्थानकावरील प्रवाशाला ‘नवापूर’ आणि ‘नवापुर’ ही एकाच गावाची नावे वाटतात. संगणकाला मात्र एका ठिकाणी २३७० आणि दुसऱ्या ठिकाणी २३६९ दिसतो. केवळ अक्षरे जुळवणारी आज्ञावली ही दोन वेगळी नावे ठरवते. नावाऐवजी ठरावीक संकेत वापरणे, हा यावरील एक रूढ उपाय आहे. नवापूर स्थानकाचा रेल्वे संकेत एन.डब्ल्यू.यू. असा आहे.

२. शब्दविश्लेषण

अंकांच्या या मालिकेतून कंपायलर प्रथम अर्थपूर्ण घटक वेगळे काढतो. समजा, स्थानकापासून जवळच्या गावापर्यंतचे रिक्षाभाडे काढण्यासाठी पुढील ओळ लिहिली आहे:

भाडे = मूळ + अंतर * दर

शब्दविश्लेषक या ओळीचे सात घटक करतो: ‘भाडे’, ‘मूळ’, ‘अंतर’ आणि ‘दर’ ही चार नावे आणि =, +, * ही तीन चिन्हे. ‘भाडे’ म्हणजे पैसे, हे त्याला ठाऊक नसते. नियमात बसणारे एक नाव एवढीच त्याच्या दृष्टीने त्या शब्दाची ओळख असते. मधल्या रिकाम्या जागा या ओळीत केवळ घटक वेगळे करण्यापुरत्या उपयोगी पडतात.

३. वाक्यविश्लेषण

पुढच्या टप्प्यात घटकांचे परस्परसंबंध ठरवून त्यांची वृक्षासारखी रचना उभी केली जाते. मूळ भाडे २० रुपये, अंतर १२ किलोमीटर आणि दर प्रति किलोमीटर २ रुपये असेल, तर आधी गुणाकार केल्यास उत्तर ४४ येते. आधी बेरीज केल्यास ६४ येते. बहुतेक भाषांच्या व्याकरणात गुणाकाराला बेरजेपेक्षा अग्रक्रम दिलेला असतो. त्यामुळे विश्लेषक ‘अंतर’ आणि ‘दर’ यांची फांदी आधी बांधतो आणि ती बेरजेला जोडतो. कंस लिहिल्यास हा क्रम बदलता येतो. रचना व्याकरणात बसली नाही, तर येथेच वाक्यरचनेची चूक दाखवली जाते.

४. अर्थपरीक्षण

व्याकरणशुद्ध ओळही निरर्थक असू शकते. ‘दर’ या नावाखाली संख्येऐवजी एखाद्या गावाचे नाव साठवलेले असेल, तर भाड्याचा हिशेब होऊ शकत नाही. वापरलेली नावे आधी घोषित केली आहेत का आणि माहितीचे प्रकार परस्परांशी जुळतात का, याची तपासणी या टप्प्यात होते. सी आणि जावा या भाषांत ही तपासणी मुख्यतः आज्ञावली चालण्यापूर्वी होते. पायथॉनमध्ये ती बहुतांशी आज्ञावली चालू असताना होते.

५. सुधारणा आणि यंत्रसूचनांची निर्मिती

तपासलेल्या रचनेवरून कंपायलर सहसा एक मधले रूप तयार करतो. त्यातील अनावश्यक गणना काढून टाकतो आणि शेवटी विशिष्ट प्रोसेसरच्या सूचना लिहितो. वरील ओळीसाठी त्या सूचनांचा आशय साधारण असा असतो:

– ‘अंतर’ची किंमत स्मृतीतून रजिस्टरमध्ये आणणे
– तिला ‘दर’च्या किमतीने गुणणे
– गुणाकारात ‘मूळ’ची किंमत मिळवणे
– उत्तर ‘भाडे’साठी राखलेल्या स्मृतीच्या जागी ठेवणे

येथे मूळ नावे नाहीशी होतात आणि स्मृतीतील स्थाने उरतात. निर्माण झालेल्या सूचना इतर आवश्यक आज्ञावलींशी जोडण्याचे काम लिंकर करतो.

६. अंमलबजावणी

प्रोसेसर स्मृतीतून सूचना आणतो, तिचा उलगडा करतो, ती अमलात आणतो आणि पुढच्या सूचनेकडे वळतो. हे चक्र आधुनिक प्रोसेसरमध्ये एका सेकंदात अब्जावधी वेळा होऊ शकते. रिक्षाभाड्याच्या उदाहरणात अखेरीस ४४ ही संख्या द्विमान पद्धतीत १०११०० या रूपात साठवली जाते.

कंपायलर आणि इंटरप्रिटर

कंपायलर संपूर्ण आज्ञावलीचे आधी रूपांतर करतो आणि तयार झालेली यंत्रभाषेतील प्रत नंतर कितीही वेळा चालवता येते. सी भाषेत ही पद्धत रूढ आहे. अशी आज्ञावली सामान्यतः वेगाने चालते. परंतु वेगळ्या प्रोसेसर-कुळासाठी पुन्हा रूपांतर करावे लागते.

इंटरप्रिटर आज्ञावलीची स्वतंत्र यंत्रभाषा-प्रत न बनवता तिच्यातील आज्ञा क्रमाने अमलात आणतो. एखादी ओळ लिहून तिचा परिणाम लगेच पाहता येत असल्याने शिकणाऱ्यांना ही पद्धत सोयीची असते. मात्र प्रत्येक आज्ञेमागे इंटरप्रिटरला स्वतःचे काम करावे लागत असल्याने वेग कमी होतो.

प्रत्यक्षात अनेक भाषा या दोहोंचा मेळ घालतात. जावाचा मजकूर प्रथम बाइटकोड या मध्यम रूपात आणला जातो आणि आभासी यंत्र तो चालवते. वारंवार लागणारा भाग आभासी यंत्र चालू असतानाच यंत्रभाषेत बदलते. पायथॉनच्या प्रचलित आवृत्तीतही मजकुराचा आधी बाइटकोड बनतो. त्यामुळे ‘कंपायलरची भाषा’ आणि ‘इंटरप्रिटरची भाषा’ हा भेद भाषेचा नसून तिच्या अंमलबजावणीच्या पद्धतीचा असतो.

चुकांचे प्रकार

आज्ञावलीतील चुकांचे स्थूलमानाने तीन प्रकार मानतात. कंस बंद न करणे ही वाक्यरचनेची चूक असून ती आज्ञावली चालण्यापूर्वीच सापडते. शून्याने भागाकार करण्याचा प्रसंग ही अंमलबजावणीतील चूक होय. ती विशिष्ट माहिती समोर आल्यावरच प्रकट होते. तिसरा प्रकार तार्किक चुकीचा आहे. सूत्रच चुकीचे लिहिले असेल, तर संगणक ते बिनचूक अमलात आणतो आणि चुकीचे उत्तर देतो.

मराठी नावे वापरलेल्या आज्ञावलीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही अशी चूक घडवू शकतो. पायथॉनमध्ये ‘मूळ’ हे नाव ठरवून सूत्रात ‘मुळ’ लिहिले, तर असे नाव अस्तित्वात नसल्याची सूचना मिळते. परंतु मूळ भाडे वाढवताना नवी किंमत चुकून ‘मुळ’ या नावाने साठवली, तर पायथॉन ते नवे नाव मानते आणि कोणतीही तक्रार करत नाही. सूत्रात मात्र ‘मूळ’ची जुनी किंमतच वापरली जाते. भाडे चुकीचे निघते आणि चुकीचा कोणताही इशारा मिळत नाही. म्हणून आज्ञावली चालली, एवढ्यावरून ती बरोबर आहे असे ठरत नाही. आधी हाताने काढलेल्या उत्तरांशी तिची उत्तरे पडताळून पाहावी लागतात.

देवनागरी आणि संगणकीय भाषा

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर देवनागरी दिसे. स्मृतीत मात्र रोमन अक्षरांचेच अंक असत. फॉन्ट बदलला की मजकूर अगम्य होई आणि शोध किंवा वर्णानुक्रम मराठीप्रमाणे लागत नसे. युनिकोडमुळे चिन्हाची ओळख त्याच्या दृश्य आकारापासून वेगळी झाली.

डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉन ३ पासून त्या भाषेत देवनागरी नावे वापरता येतात. वर दिलेली रिक्षाभाड्याची ओळ, तीन नावांना किमती दिलेल्या असल्यास, पायथॉन ३ मध्ये जशीच्या तशी चालते. जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांतही देवनागरी नावे चालतात. राखीव शब्द मात्र इंग्रजीच राहतात. अंकांचा नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. मजकूर म्हणून मिळालेल्या ‘५’ या देवनागरी अंकाचे पायथॉन संख्येत रूपांतर करू शकते. परंतु आज्ञावलीच्या ओळीत संख्या म्हणून थेट ‘५’ लिहिल्यास चूक दाखवली जाते.

मराठीच्या काही वैशिष्ट्यांकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते. ‘तऱ्हा’मधील अर्धा ऱ्ह दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, तर दुसऱ्यात साध्या ‘र’ आणि हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसली, तरी त्यांचे अंक भिन्न असल्याने साध्या तुलनेत ती जुळत नाहीत. पायथॉनच्या नावांत तर हे अदृश्य चिन्ह चालतच नाही. वर्णक्रमाचीही अशीच गोष्ट आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’चा अंक २३५५ असून तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. केवळ अंकांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘काळा’ हा शब्द ‘कावा’च्या आधी येईल, मराठी कोशात मात्र तो नंतर यायला हवा. यासाठी आज्ञावलीला मराठीचे क्रमनियम वेगळे द्यावे लागतात.

नवापूर तालुक्यात बोलली जाणारी मावची ही भिल्ली गटातील भाषा देवनागरीत लिहिली, तर तिच्या शब्दांनाही हेच अंक लागू होतात आणि ते शब्द आज्ञावलीत नावे म्हणून वापरता येतात. त्या भाषेचा वर्णक्रम, शुद्धलेखन आणि व्याकरण मात्र संकेतावलीतून आपोआप मिळत नाही. ते त्या भाषेच्या जाणकारांनी नियमरूपात मांडले, तरच संगणकाला त्यानुसार काम करता येते.

हे सुद्धा पहा

– युनिकोड
– देवनागरी
– द्विमान पद्धती
– टाटा मूलभूत संशोधन संस्था
– प्रगत संगणन विकास केंद्र
– नवापूर